सतरा नंबरचे आबा

मुलांनो, माझ्याबरोबर जरा एक माणूस मनात उभा करा. पायात झिजलेल्या वहाणा, काखेत छत्री आणि चेहऱ्यावर अशी दमणूक, की बघणाऱ्यालाच बसावंसं वाटावं. हे नारायण गुरुजी. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. उंब्रजपलीकडच्या एका लहान गावात छत्तीस वर्षं पाढे शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आता कुठंतरी टेकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या दिवशी शाळेच्या पडवीत सभा होती. सांगलीहून विनोदिनी नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. गावातल्या चाळीस जणांचं वजन आणि रक्तदाब त्यांना वर्षभर, दर महिन्याला तपासायचा होता.

"माणसाला रक्तदाबाचा आजार हळूहळू कसा गाठतो, ते यातून कळेल," बाई म्हणाल्या. "मग खेड्यातल्या साध्या दवाखान्यातही तो वेळेत ओळखता येईल. फक्त लोकांना समजावून आणणारा गावातलाच कुणीतरी हवा. कोण करेल?"

गुरुजींनी हात वर केला. सभा कधी संपणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण टाळ्या पडल्या.

"गुरुजी हायती म्हंजे झालंच की काम!" सयाजी ओरडला.

झालं. गुरुजी दारोदार फिरू लागले. प्रत्येक दारात तोच प्रश्न.

"सुई टोचनार का?"

"नाही रे. नुसता दंडाला पट्टा बांधतात."

"गोळी?"

"गोळीही नाही."

"मग ह्यो कसला डाक्तर, गुरुजी?"

चाळीस घरं झाली, चाळीस कप चहा झाला. गुरुजींच्या पोटात आठवडाभर जळजळ होत होती. पण यादी भरली आणि सांगलीला गेली. कुणाचा आजार चारचौघांत कळू नये म्हणून बाईंनी नावाऐवजी प्रत्येकाला नंबराचं कार्ड दिलं.

जानेवारीतला पहिला रविवार. सांगलीहून मधू कंपाउंडर काटा घेऊन आले. गुरुजींनी डोकी मोजली. एकोणचाळीस. सतरा नंबरचे लालासाहेब नव्हते. गुरुजी उन्हातून त्यांच्या उसापर्यंत चालत गेले.

"आवं गुरुजी, आज पाटाच्या पान्याची पाळी माझी हाय," सरीत वाकून तिच्या तोंडाची माती, म्हणजे पाण्याचं दार, खोऱ्यानं मोडत लालासाहेब म्हणाले. "दारं सोडून आलो तर ऊस वाळंल."

गुरुजींचे गुडघे ठणकत होते. त्या ठणक्यात ते नको ते वाक्य बोलून गेले.

"बरं, मग घरातलं कुणीतरी पाठवा."

त्या गावात पाण्याची पाळी घराची असे. दारं धरायला बाप गेला काय, लेक गेला काय, पाणी त्याच उसाला मिळतं. हे नंबराचंही तसंच असणार, असं लालासाहेबांना वाटलं. चावडीवर त्यांनी ते चौघांना सांगितलं आणि चौघांनी गावाला. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक घरातून जो मोकळा असेल तो येऊ लागला. गुरुजी डोकी मोजत, चाळीस भरली की खांबाला टेकून डोळे मिटत. आपलं काम किती सुरळीत चाललंय, असं त्यांना झोपेतही वाटे.

एप्रिलातल्या तपासणीला मधूबरोबर विनोदिनीबाई स्वतः जीपमधून उतरल्या. हातात वही होती.

"गुरुजी, हा सात नंबर, सयाजी. जानेवारीत एकाहत्तर किलो, फेब्रुवारीत अठ्ठेचाळीस, मार्चमध्ये त्र्याऐंशी. हा माणूस जिवंत आहे ना?"

"जित्ता हाय की! वैरन आनाय गेलाय," सयाजीची बायको बनुबाई म्हणाली. "फेब्रुवारीत मी आल्ते. मार्चात कुपवाडचं जावई आलं हुतं. त्येनी म्हनलं, बसून काय करू, मीच जातो."

बाई कंपाउंडरकडं वळल्या. "मधू, सात नंबर लुगडं नेसून आला, तेही तुम्हाला दिसलं नाही?"

"बाई, तुम्हीच म्हणालात, नाव विचारू नका, नंबर लिहा."

बाईंनी वही मिटली. "हे आकडे घेऊन सांगलीत कुणाला तोंड दाखवू? काम बंद करावं लागेल."

काम बंद! क्षणभर गुरुजींना हायसं वाटलं. आता टेकायला मिळणार. मग ती चाळीस दारं आठवली. प्रत्येक दारात दिलेला शब्द आठवला. गृहपाठ न केलेल्या पोरासारखे ते उभे राहिले.

"चूक माझी आहे. कुणीही पाठवा, असं मीच म्हणालो."

बाईंनी सुस्कारा टाकला आणि सहज पुन्हा वही उघडली. "आणि हे काय? सतरा नंबर, लालासाहेब, वय चौसष्ट. वजन बावीस, बावीस, साडेबावीस. अख्ख्या वहीत हा एकच माणूस धड आहे!"

रांगेतून दोन वेण्यांची एक मुलगी पुढं आली. "त्यो मी हाय."

ती लालासाहेबांची नात शालू होती. तिसरीत शिकणारी.

"आबा पान्यावर असत्यात. म्हनून दर खेपंला मीच येते. कवा उशीर बी न्हाई केला."

बाईंना हसू आवरेना. "बरं, शालूताई. आज जीप निघायच्या आत तुझे आबा स्वतः येऊन काट्यावर उभे राहिले, तर मी सगळं पहिल्यापासून सुरू करेन. एक तरी खरा माणूस मला दिसू दे."

"आज कुठलं जमतंय!" बनुबाई म्हणाली. "आज पाळी त्येंचीच हाय. पानी सोडून म्हातारा देवासाठी बी उठायचा न्हाई."

गुरुजींनी उसाकडं जायला छत्री उचलली.

"तुमी बसा, गुरुजी," शालू म्हणाली.

इतक्या महिन्यांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. गुरुजी बसले.

शालू पळत उसात गेली. आबा गुडघाभर चिखलात उभे होते. तिनं त्यांच्या हातातलं खोरं ओढून घेतलं.

"आबा, तीन म्हयनं तुमच्या नंबरावर मी गेले. आता तुमच्या पान्यावर मी ऱ्हाते. जावा, बाई थांबल्यात."

लालासाहेब चिखलाच्या पायांनीच शाळेकडं निघाले. इकडं पाणी सरीच्या टोकाला पोचलं होतं. शालूनं परकर वर खोचला, खोरं उचललं आणि पुढच्या सरीचं दार मोडलं.