कोहळ्याची दाढी

गुणाजी कोहळ्याची दाढी करीत असे, एवढेच काय ते खरे. त्यापुढचे जे जे तुमच्या कानांवर आले असेल ते खोटे आहे, आणि ते खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार आज हयात असलेल्यांत फक्त मला आहे. ओरोसच्या कचेरीत कारकुनी करणारा माझा पुतण्या वसंत चहाच्या वेळी सोबत्यांना सांगतो, की आमच्या वाडीतल्या न्हाव्याच्या वस्तऱ्यात देवचाराचे भूत राहत होते. मिठबावचे माझे व्याही सांगतात, की तो मेलेल्यांशी बोलत असे. वसंत त्या वेळी जन्मला नव्हता आणि व्याह्यांनी गुणाजीला कधी पाहिलेले नाही. माझ्या डोक्यावर मात्र त्याच्या वस्तऱ्याच्या तीन खुणा आहेत. तेव्हा ऐकायचेच असेल तर माझ्याकडून ऐकावे.

आमची वाडी मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला; तिथल्या शाळेत मी मास्तर. मुंबईचे चाकरमानी पत्तीची दाढी गावात घेऊन येऊ लागले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. गुणाजी तेव्हा पन्नाशीचा; उंच, वाळका, आणि स्वतः मात्र सदैव दोन दिवसांची दाढी वाढलेला. पत्तीचे नाव काढले की तो तोंड फिरवी. म्हणे, "पत्ती वापरून टाकूची. धार काय टाकूची वस्तू आसा?"

त्याचे सगळे वेड नव्या वस्तऱ्यापुरते होते. दुकानातून आलेला वस्तरा आरशासारखा चकाकतो म्हणून तो धारदार असेलच, असे तुम्हाआम्हाला वाटते. गुणाजीच्या मते नवा वस्तरा मुका असतो. "धार लावूची नसता, मास्तरानू. ती आत निजलली असता. तिका जागी करूची असता." हे जागे करण्याचे काम आठ दिवस चाले. आधी खरखरीत दगड, मग निसणा, म्हणजे तो काळा गुळगुळीत दगड, त्यावर पाण्याचे दोन थेंब. मग चामड्याचा पट्टा आणि शेवटी स्वतःचा तळहात. दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. दर दहा फेऱ्यांनी तो वस्तरा कानाशी नेई, नखाने हलकेच टिचकी मारी आणि डोळे मिटून ऐके. समाधान झाले नाही की वस्तऱ्यालाच म्हणे, "अजून झोपेत आसस."

आठव्या दिवशी परीक्षा. परड्यातला कोवळा कोहळा तो पडवीत आणी. कोवळ्या कोहळ्यावर बारीक, ताठ लव असते हे ज्यांनी कोहळा फक्त सांडग्यांत पाहिला त्यांना ठाऊक नसणार. कोहळ्याच्या गळ्याशी तो स्वच्छ पंचा गुंडाळी, साबणाचा फेस लावी आणि भर दुपारी, वाडी जेवून सुस्तावलेली असताना, त्याची हजामत करी. एक ओरखडा उठला तरी वस्तरा पुन्हा दगडावर. आणि हे करताना तो कोहळ्याशी बोले. काय बोले, ते कोणी नीट ऐकले नव्हते. ऐकण्याइतके जवळ जाण्याची कोणाची छाती नव्हती.

कारण असे, की गुणाजी नवा वस्तरा घासायला बसला की वाडीत माणूस मरत असे.

हे मी नाकारीत नाही. दुपारच्या स्तब्धतेत माडांमधून तो आवाज येऊ लागे. पहिल्या दिवशी जाडाभरडा, मग रोज बारीक होत जाणारा, आणि शेवटी कानाशी डास आहे की नाही अशी शंका यावी इतका. तो आवाज अगदीच ऐकू येईनासा झाला, की दुसऱ्यातिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी अंगणात रडारड सुरू होई. बळी देताना माणसाच्या डोक्याऐवजी कोहळा फोडतात, हे आमच्याकडच्या पोरांनाही ठाऊक असते. त्यामुळे पडवीत पंचा गुंडाळून बसवलेले ते हिरवे डोके पाहून भल्याभल्यांची बोबडी वळे. त्यात गुणाजीचे पालुपद: "वस्तरो जागो झालो काय माणूस निजाक मोकळो." असे वाक्य बोलणाऱ्याविषयी लोक काय समजणार?

खरा प्रकार असा. वाडीतल्या अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाची दाढी करायला गुणाजी घरी जाई. वस्तरा फिरवण्याआधी गालाची कातडी ताणावी लागते. जगणाऱ्या माणसाची कातडी सोडताच जागेवर जाते. ज्याची ती ताणलेलीच राहते, त्याचे किती दिवस उरले हे गुणाजीच्या बोटांना कळे. मग तो मालवणच्या बाजारातून नवा वस्तरा आणी, कारण दहाव्याला त्या घरच्या मुलाचे क्षौर व्हायचे असे आणि दुःखातल्या डोक्याला तो रोजचा वस्तरा लावीत नसे. तो म्हणे, "दुःखात माणसाची कातडी पातळ होता." मरण वस्तऱ्याच्या आवाजाने येत नव्हते, मरणाची चाहूल लागल्यावर आवाज सुरू होत होता. शाळेतले गणित ज्याला येते त्याला कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करता येऊ नये. पण आमच्या वाडीत ती सर्वांना येत होती.

हे सारे मला ठाऊक असूनही मी बत्तीस वर्षे गुणाजीला माझ्या डोक्याला हात लावू दिला नव्हता, हेही सांगून टाकतो, म्हणजे वसंताला सांगायला काही उरणार नाही. माझे वडीलही मास्तर. ते वारले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि गुणाजीने बापाची हजामतीची धोपटी नुकतीच खांद्याला लावली होती. मास्तरांच्या घरी जुने हत्यार न्यावे कसे, म्हणून मानापोटी तो आदल्या दिवशी मालवणला चालत गेला आणि कोरा करकरीत वस्तरा घेऊन आला. नवा म्हणजे धारदार, असेच तेव्हा त्यालाही वाटे. खाडीच्या काठी एका दगडावर बसवून साऱ्या गावासमोर त्याने माझ्या डोक्याला तीनदा कापले. रक्त कानामागून मानेवर उतरले. बापासाठी न रडलेला पोर वस्तऱ्यासाठी रडला, असे गाव पुढे कित्येक वर्षे म्हणत असे. मी रडलो नव्हतो. फेस डोळ्यांत गेला होता. पण त्या बोलण्याचा राग मी गुणाजीवर काढला. दाढी मी स्वतः करी आणि केस कापायला मालवणला जाई. वाटेत भेटला की तो बाजूला उभा राहून "मास्तरानू" म्हणे, आणि त्याची नजर माझ्या टोपीवर जाई.

आता त्या वर्षाकडे येतो. आंब्याला मोहोर धरला होता आणि वाडीत एकही माणूस आजारी नव्हता. अशा निरोगी दुपारी गुणाजीच्या पडवीतून दगडाचा आवाज सुरू झाला.

पहिल्या दिवशी लोकांनी एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी आपा दुकानदार, हत्तीसारखा धडधाकट माणूस, कणकवलीच्या डॉक्टरकडे गेला. पोटात वारा धरला आहे एवढेच निदान घेऊन तो परतला, त्याने त्याचे समाधान झाले नाही. गुणाजीच्या कुंपणाबाहेर उभा राहून ओरडला, "गुणाजी, मेल्या, कोणासाठी घासतंस रे?"

"जागो होवंक अजून वेळ आसा, आपानू," आतून शांत उत्तर आले. "तुमका घाई आसा काय?"

आपा घरी जाऊन निजला तो दोन दिवस उठला नाही.

तिसऱ्या दिवसापासून वाडीने गुणाजीकडून दाढी करून घेणे बंद केले. त्याने कातडी ताणली आणि ती परत गेली नाही तर? ज्यांच्याकडे पत्ती होती त्यांनीही भीतीपोटी ती ठेवून दिली. आठवडाभरात सगळी वाडी बैराग्यांचा मठ झाली. शाळातपासणीला आलेल्या साहेबांनी मला विचारले, "गावात काही व्रत चालू आहे काय?" मी एकटा गुळगुळीत हनुवटीचा त्यांच्यासमोर उभा होतो. शरमेने माझी मान खाली गेली आणि हा मूर्खपणा त्याच दिवशी थांबवायचा, असे ठरवून साहेब जाताच मी गुणाजीच्या घराकडे निघालो.

ऊन उभे होते. कोंबडेही कुठे बोलत नव्हते. दगडाचा आवाज थांबला होता. कुंपणाशी पोचलो आणि पडवीत पाठमोरा बसलेला गुणाजी दिसला. समोर फेस लावलेला कोहळा. वस्तरा इतका अलगद चालला होता की फेस आपोआप सरकतो आहे असे वाटावे. आणि गुणाजी बोलत होता. मी प्रथमच ते ऐकले.

"हलू नको, झिला. डोळे मीट. ह्या खेपेक नाय लागाचो. रडू नको, मास्तराच्या झिला, रडू नको."

मास्तराचा झील, म्हणजे मुलगा, तो मीच. बत्तीस वर्षे या माणसाने किती कोहळे भादरले, याचा मी मनाशी अंदाज करू लागलो आणि मध्येच थांबलो. मी खाकरलो. तो दचकला नाही.

"कोणासाठी चालले आहे हे, गुणाजी?" मी शक्य तितक्या करड्या आवाजात विचारले.

"माझ्यासाठी, मास्तरानू." त्याने दोन बोटांनी स्वतःचा गाल ओढला आणि सोडला. "बगा." गाल ओढला तसाच राहिला. तो त्याकडे दुसऱ्याचाच गाल असल्यासारखा धोपटीतल्या आरशात बघत होता. "आठवडोभर काढीन."

मी डॉक्टरचे नाव काढले. तो हसला.

"माका झील नाय, भाऊ नाय. दहाव्याक कोणाच्या डोक्याक पाणी लागाचा नाय, ता माका म्हायत आसा. पण हत्यार तयार नाय म्हणान कोणाचा अडूक नको." मग माझ्या टोपीकडे न बघता म्हणाला, "तुमच्या वेळेक माका म्हायत नव्हता, मास्तरानू. नवो म्हणजे धारदार, असा वाटला."

बत्तीस वर्षांत त्याने हा विषय पहिल्यांदा काढला होता. मी काय बोललो, हे वसंताला ठाऊक नाही, मला आहे. मी म्हणालो, "मग आता तो कोहळ्यालाच वापर," आणि निघून आलो. असे बोलणारा माणूस मीच होतो. याचा प्रतिवाद मला करता येत नाही.

त्यानंतर सातव्या दिवशी गुणाजी गेला. दार लोटलेले होते आणि उशाशी धोपटी होती. वस्तरा धुवट पंच्यात गुंडाळलेला. पडवीत कोहळा होता. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता.

वस्तरा आपल्या पायांनी चालत माझ्या घरी आला, असे वसंत सांगतो. वस्तऱ्याला पाय नसतात. पंच्यासकट तो मी उचलून आणला, साऱ्यांच्या देखत. आणि दहाव्या दिवशी मी त्याच खाडीच्या काठी, त्याच दगडावर, टोपी काढून बसलो. नाते नाही, गोत्र नाही, मास्तराचे डोके फिरले, असे म्हणत अख्खी वाडी माडांखाली उभी होती. आपा म्हणाला, "मास्तर भियालो. भूत मानगुटीर बसात म्हणान केस काढता." हीच हकीकत आज पक्की झाली आहे. ती खोटी आहे. मी भ्यालो नव्हतो.

क्षौराला मसुऱ्याहून एक म्हातारा न्हावी बोलावला होता. मी पंचा सोडून वस्तरा त्याच्या हातात दिला. त्याने स्वतःच्या मनगटावरून तो एकदा फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला.

"कोणी लावलो ह्यो?" त्याने विचारले.

"आमच्या गुणाजीनं," मी म्हणालो.

त्याने माझे डोके भिजवले. मी डोळे मिटले. तीन खुणांपैकी पहिली कपाळाच्या वर आहे. तिथे वस्तरा येईल तेव्हा दात आवळायचे असे मी ठरवले होते. मी वाट पाहत राहिलो. खाडीच्या पाण्याचा आवाज येत होता, दुसरा कोणताच येत नव्हता. अखेर मीच विचारले, "सुरू कधी करणार?"

म्हातारा म्हणाला, "झाला, मास्तरानू. उठा."

मी लगेच उठलो नाही. डोळ्यांत फेस गेला होता, असे मी त्याला सांगितले. फेस त्याने लावलाच नव्हता.