माझ्या पिंपावरच्या खडूच्या रेघा

माझं अक्षर किडामुंगीचं आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. वाचणाऱ्यानं माफ करावं. पण शेजारच्या महादूभाऊंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस रोज सकाळी माझ्या गळक्या पिंपावर खडूनं रेघ ओढायचा.

भोसरीत आमच्या खोल्यांची भिंत एकच. महादूभाऊ लेथवर कामाला, एकटेच. पाठदुखीवर अफूच्या जातीच्या गोळ्या घेत डबल शिफ्ट मारायचे. त्या गोळ्यांचंच व्यसन लागलं, हे कळलं तेव्हा मी हबकलेच. असा हसरा माणूस! मग ते सरकारी दवाखान्यात जाऊन रोज नर्ससमोर व्यसन सोडवणारं मेथाडोनचं सिरप पिऊ लागले.

"वहिनी, ह्ये पिंप म्हंजी मी," ते सांगायचे. "रोज हंडाभर वता. रातभर गळतंय, पर समदं न्हाई. उरलेल्यावर दुसरा हंडा. रेघ वर चढती का न्हाई? औषध तेवढंच, पर अंगात साचत जातंय. म्हून डॉक्टर म्हनले, धीर धर, वरून काय बी गिळू नको."

नळावर आलेल्या प्रत्येकीला हे ऐकावं लागे. "उरलेलं हिशेबात धरा!" हे त्यांचं पालुपद.

"भाऊ, आधी बादली धरा!" बायका म्हणायच्या.

सुरुवातीला त्यांना सिरप पुरत नव्हतं. जांभया, शिंका, अंग मोडून यायचं. एका दुपारी त्यांच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं.

"झोपू दे बिचाऱ्याला, किती रात्री डोळा नाही लागला," सगळ्या म्हणाल्या.

पण ते घोरणं मध्येच थांबत होतं. मी पिंपाकडे पाहिलं. रेघ पार वर गेलेली, म्हणजे यांच्या अंगातलं औषधही. दार ढकललं तर ओठ निळे. हलवलं तरी ओ नाही. जन्मात मोठ्यानं न बोललेली मी रस्त्यावर जाऊन किंचाळले.

दवाखान्यात उताऱ्याची सुई दिल्यावर श्वास परत आला. तरी ठेवून घेतलं. सुईचा असर आधी उतरतो, सिरप आत तसंच असतं म्हणे. कळ सोसेना म्हणून त्यांनी वरून जुन्या गोळ्या गिळल्या होत्या. सगळ्या वस्तीला शिकवणाऱ्यानं! मला रागानं रडूच आलं.

"घरी लक्ष ठेवणारी बहीण तुम्हीच ना?" नर्सनं विचारलं. "यांनी पहिल्याच दिवशी तुमचं नाव सांगितलंय."

महादूभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. "दुसरं कुनाचं नाव सांगू, वहिनी?"

"हो, मीच," मी नर्सला म्हणाले.

आता रोज दुपारी मी लाटण्यानं भिंतीवर ठोकते. पलीकडून थाप आली की मग जेवायला बसते.