टोपीची शेवटची ओळ

"उतरवून झालं की एकदा मोठ्यांदा वाचून बघ," सासूबाई म्हणाल्या होत्या. "लिहिताना हात पुढं जातो आणि लक्ष मागं राहतं."

सुनेनं ते हसण्यावारी नेलं. ती जीवशास्त्राची पदवीधर, आणि सासूबाईंच्या वहीत होत्या बाळाच्या लोकरी टोपीच्या अवघ्या बारा ओळी. "आई, आपली एकेक पेशी दुभंगताना अब्जावधी अक्षरं उतरवून काढते. बारा ओळींचं काय एवढं?"

"पेशीच्या मांडीवर मूल नसतं," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मूल मांडीवरच होतं. ठकी, वय पाच महिने. दुपारचे तीन वाजले होते. पडद्यातून गाळून आलेलं ऊन फरशीवर सांडलं होतं, आणि पंख्याच्या झुळकीनं लोकरीचा गुंडा मधूनच उगाच हलायचा. सून एक ओळ लिही आणि ठकीचा श्वास चालू आहे ना ते बघे. अकरावी ओळ झाली, 'वरच्या चार ओळी पुन्हा विणा', आणि तिचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं चार रंगांचे मणी कुणीतरी ओवत होतं, न बोलता, न थकता. जाग आली तेव्हा ठकीची लाळ कागदावर गळत होती. झालं वाटतं सगळं, असं म्हणून तिनं कागदाचा फोटो काढला आणि ठकीसाठी टोप्या विणायला बसलेल्या घरच्या ग्रुपवर पाठवून दिला. आत्याबाईंना, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, फोनवरचं दिसत नाही; त्यांना जाऊबाईंनी तो नमुना आपल्या अक्षरात उतरवून टपालानं धाडला.

चार दिवस झाले, टोपी काही संपेना. ठकीचं डोकं एका टोकातून घालावं तर ते दुसऱ्या टोकातून बाहेर यायचं आणि सगळ्यांकडे बघून हसायचं. पाचव्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला.

"अगं, ही टोपी कुठवर न्यायची आहे? माझी सोफ्यावरून उतरून दाराशी पोचलीय."

"ताई, तुम्ही अंदाजानं थांबायचं ना."

"म्हटलं, तू शिकलेली. काहीतरी विचार केला असशील."

सुनेनं मूळ वही उघडली. बारावी ओळ तिथं शांतपणे बसली होती: 'चार बोटं उंची झाली की टाके कमी करत टोपी बंद करा.' तिच्या कागदावर ती उतरलीच नव्हती.

"डीएनए म्हणजे अशीच एक लांबलचक वही," ती नवऱ्याला सांगू लागली, "आणि जनुक म्हणजे तिच्यातला एक नमुना. त्याच्या शेवटी 'थांब' अशी खूण असते. उतरवताना ती गळाली तर पेशी पुढं विणतच सुटते. उतरवतानाच्या अशा कुठल्याही चुकीला उत्परिवर्तन म्हणतात."

"मग? वाईट का ते?"

"बहुतेकदा काहीच होत नाही. कधी बिघडतं. क्वचित फायदाही होतो."

"मला झालाय," वर्तमानपत्रामागून सासरे म्हणाले. त्यांनी लेंगा वर केला. गुडघ्यावर ठकीची टोपी चपखल बसली होती. "दुसऱ्या गुडघ्याचं कधी होतंय?"

तिनं ग्रुपवर दुरुस्ती पाठवली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. उलट तीन घरांतून गुडघ्यांची मापं आली. बारावी ओळ कुणालाच नको होती.

राहता राहिल्या आत्याबाई. वय ऐंशी, बोटांचे सांधे सुजलेले, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकट्या, आणि लिहिलेलं शब्दशः पाळणार. डॉक्टरांनी एकदा 'रोज चालत जा' एवढंच लिहून दिलं, तर त्या शेजारच्या गावात सापडल्या होत्या. टाके मोजताना व्यत्यय नको म्हणून फोन चादरींच्या घडीत. सुनेनं घाईघाईनं पत्र टाकलं. आठवड्यानं उत्तर आलं:

'टोपी उत्तम चालली आहे. मुलीचं डोकं जरा लांबट दिसतं, पण तू जिवाला लावून घेऊ नकोस, आपल्या घराण्यातली डोकी लांबटच. आणखी सहा गुंडे आणवले आहेत. तुझं पत्र पोचलं. टोपी झाली की उघडीन.'

"अशानं ते पत्र उघडलंच जायचं नाही," नवरा म्हणाला. तोही आता हसत नव्हता.

ठकीला सर्दी आहे, प्रवास पाच तासांचा आहे, आणि नवऱ्याला सुटी रविवारी. तोवर सुनेला डोळे मिटले की दिसतात त्या आत्याबाईंची बोटं, मऊ उजेडात हलणारी, एक सुलट, एक उलट.

म्हणून तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या कुणी आजी असतील आणि जिन्यावरून एखादी पिवळी लोकरी नळी पायरी पायरीनं खाली येताना दिसली, तर तिच्या कडेकडेनं वर जा. बेल वाजवू नका, टाके चुकतील. आधी बघा त्या जेवल्यात का. मग जवळ बसून, हळूच, हात धरून सांगा, की आजी, आता पुरे.