एक नंबरच्या बाटलीचं प्रकरण

केसरीनाथ तरे हा मानकोलीचा पहिला, शेवटचा आणि एकमेव गुप्तहेर, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. दुसऱ्या कुणाचं मत त्याने विचारलेलं नव्हतं. पोटापाण्यासाठी तो हायवेलगतच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर होता, पण ती ड्युटी म्हणजे निव्वळ वेषांतर. 'के. तरे, गुप्तहेर' अशी पितळी पाटी त्याने करून घेतली होती आणि गुपित फुटू नये म्हणून ती कॅबिनच्या आतल्या बाजूला ठोकली होती. नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगीचं, असं तो स्वतःचं वर्णन करायचा. त्याची बायको रंजिता म्हणायची, एवढी जनावरं अंगात भरल्यावर माणसाला जागा उरणार कुठून.

त्याच्या कमरेला बत्तीस चाव्यांचा जुडगा होता. तो इतका वाजायचा की गोडाऊनमधली डुलकी घेणारी माणसं, तो येण्याआधी दोन मिनिटं, जागी होऊन कामाला लागलेली असायची. त्यामुळे आपल्या राज्यात कुणी झोपत नाही, असं केसरीनाथने अनुमान काढलं होतं. बत्तीसपैकी अकरा चाव्या कशाच्या, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याला एक सहायकही होता. गेटवर गाड्यांचे नंबर लिहिणारा पंचावन्न वर्षांचा वॉचमन नवशा. आपण सहायक आहोत हे नवशाला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

दोघांच्या नावावर एक गाजलेलं प्रकरणही जमा होतं. बायकांच्या संडासातलं निळं टमरेल गायब झालं, तेव्हा केसरीनाथने घटनास्थळ सील केलं, नवशाचा जबाब घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी टमरेल सापडलं. सफाईवाल्या ठमाबाईने ते घासून उन्हात वाळत ठेवलं होतं. केसरीनाथने रजिस्टरमध्ये लाल शाईने 'प्रकरण बंद' असं लिहिलं आणि गेटवर सगळ्यांना आपल्या खिशातून चहा पाजला.

त्यानंतर वीस दिवसांनी बाटलीचं प्रकरण उभं राहिलं. आणि हे घरातलं होतं.

केसरीनाथची भाची क्षितिजा अकलोलीहून त्याच्याकडे राहायला आली होती आणि त्याच्याच ओळखीने गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली होती. पोरगी हुशार, हाताला चपळ. महिन्याभरात तिला पर्मनंट करणार होते. पण सोमवारी भर ड्युटीत तिला घेरी आली. नाक्यावरच्या डॉक्टरने सांगितलं, "अंगात पाणीच नाही हिच्या. दिवसाला अडीच लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे." हे कळल्यावर तिचा बाप लडकू याचा अकलोलीहून फोन आला. तो म्हणाला, "केसरी, तुझ्या शब्दावर पोरगी धाडली. रविवारी येतो. सुधारली नसली तर घरी घेऊन जाणार. नोकरी गेली तेल लावत."

क्षितिजा रात्रभर रडली. केसरीनाथलाही जेवण गोड लागेना. त्याच्या शब्दाचा प्रश्न होता, आणि भाची त्याची लाडकी होती.

मंगळवारी सकाळी त्याने तिची बाटली तपासली. स्टीलची, एक लिटरची. बाटलीवर 'चि. दीपेश व चि. सौ. कां. रीमा यांच्या हळदीनिमित्त सप्रेम भेट' असं कोरलेलं. सोमवारी सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत आली होती.

"नवशा," केसरीनाथ डोळे बारीक करून म्हणाला, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत न्हाय ओ सायेब," नवशा म्हणाला. "हाय तेवढंच हाय."

घरी रंजिता म्हणाली, "अहो, तिचं काय आहे ते मी सांगते तुम्हाला..."

केसरीनाथने हात वर केला. "थांब! मी आयती माहिती घेत नाही. सांगून कळलं तर तो तपास कसला?"

हे त्याचं पहिलं तत्त्व होतं. ह्या तत्त्वामुळे आजवर त्याला पुष्कळ गोष्टी कळलेल्या नव्हत्या.

त्याचा पहिला निष्कर्ष असा की गुन्हेगार बाटलीच आहे. झाकण घट्ट असेल, वास येत असेल. त्याने ती एक नंबरचा संशयित म्हणून जप्त केली, चिठ्ठी चिकटवली आणि नवी बाटली घ्यायला निजामपुऱ्याच्या बाजारात गेला. दुकानातल्या प्रत्येक बाटलीचा त्याने वास घेतला, कानाला लावून ऐकली, उलटी धरून हलवली. तास झाल्यावर दुकानदार चाचा म्हणाले, "साहब, बोतल लेनी है या बयान लेना है?"

"रोज के वापरने के लिए मंगताय," केसरीनाथ आपल्या खास हिंदीत म्हणाला. "भाची के लिए. वो पानी नहीं पीती."

"तो फिर बोतल का क्या कसूर?" चाचा म्हणाले. "मुँह इतना बड़ा हो के हाथ अंदर जाए, धोने में आसान. ढक्कन एक हो, टपके नहीं. खाली में भी वजन न लगे. बस. बाकी सब डब्बे पे छपी हुई बातें हैं."

हीसुद्धा आयतीच माहिती, म्हणून केसरीनाथने ती सोडून दिली आणि तीन बाटल्या घेतल्या. दोन नंबर प्लास्टिकची, पारदर्शक, तिच्यावर तासागणिक रेघा आणि 'चला, अजून एक घोट!' अशी प्रेमळ दटावणी. तीन नंबर तांब्याची. चार नंबर म्हणजे दुहेरी भिंतीची, बर्फ चोवीस तास टिकवणारी, आणि इतकी जड की रिकामी असतानाही भरलीय असं वाटावं.

मंगळवारी दुपारी दोन नंबर गेली, संध्याकाळी सकाळच्या नऊच्या रेघेपर्यंत भरलेली परत आली. बाटलीच्या मते अजून सकाळच झाली नव्हती. बुधवारी सकाळी तांब्याची गेली. ती चिंचेने घासायला नवशाला बसवलं होतं, तर त्याने इतकी चमकवली की पॅकिंगच्या पोरी तिच्यात बघून टिकली नीट करू लागल्या. पाणी तेवढंच राहिलं. दुपारी चार नंबर गेली. तिच्यातला बर्फ संध्याकाळी शाबूत होता, ही कंपनीची जाहिरात खरी निघाली एवढाच काय तो फायदा.

मग केसरीनाथला दुसरा निष्कर्ष सुचला. पोरगी पाणी पितच असणार, आणि कुणी अज्ञात इसम बाटली पुन्हा भरून ठेवत असणार! "पण भरणारा आपल्याला पाण्यात का बघतो, हे शोधलं पाहिजे," तो म्हणाला. त्याने आरोपीचं पाणी जोखायचं ठरवलं, म्हणजे अक्षरशः पार्सलच्या काट्यावर बाटली ठेवून. शिवाय आत खूण म्हणून तुळशीचं एक पान सोडलं. गुरुवारी संध्याकाळी वजन ग्रॅमलाही हललेलं नव्हतं आणि पान आपलं निवांत तरंगत होतं.

"भरणारा कुनी न्हाय, सायेब," नवशा म्हणाला. "पिनाराच न्हाय."

"नवशा, अनुमान मी काढायचं. तू फक्त चकित व्हायचं."

घरी क्षितिजा तोंड सुकलेली, ओठ फुटलेले, अशी बसून होती. रंजिता परत बोलायला गेली, परत हात वर झाला. तेव्हा ती चिडून भाचीला म्हणाली, "तूच दे गं लिहून त्यांना. जबाब म्हटला की घेतील." क्षितिजाने लाजत, चार वेळा खोडून, एक चिठ्ठी लिहिली. मामाला असलं काही लिहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मामा, बाटली चांगली आहे. प्रॉब्लेम एक नंबरचा आहे. क्षितिजा.'

केसरीनाथने ती रात्री तीनदा वाचली. आधी त्याला वाटलं, पोरगी केसचं कौतुक करतेय. एक नंबर प्रॉब्लेम, म्हणजे फर्स्ट क्लास, मामाच्या तोलामोलाचा! मग वाटलं, एक नंबरची बाटली. पण ती तर कॅबिनमध्ये कोठडीत होती. शेवटी त्याने कपाळावर हात मारला. एक नंबरचा डॉक! गोडाऊनला गाड्या लागतात ते पहिलं दार, आणि प्यायच्या पाण्याचा फिल्टर बरोबर त्याच्याच बाजूला!

शुक्रवारी दुपारी केसरीनाथ आणि नवशा एक नंबरच्या डॉकपाशी खोक्यांच्या थप्पीमागे दबा धरून बसले. मे महिना, वर पत्रा. जुडगा वाजू नये म्हणून केसरीनाथने तो रुमालात गुंडाळून मांडीत धरला होता.

"सायेब, आपून लपलोय कशाला?" नवशा कुजबुजला. "मी वॉचमन हाय. मला दिसाया पायजे."

"गप. पाणी दे."

पाणी होतं ते एक नंबरच्या बाटलीत, पुरावा म्हणून बरोबर आणलेलं. केसरीनाथने पुराव्याची चव घेतली. झाकण सहज उघडत होतं, वास नव्हता, पाणी छान गार होतं. एका तासात त्याने सगळा पुरावा पिऊन टाकला.

नेमके तेव्हाच मॅनेजर साहेब एका ट्रान्सपोर्टवाल्याला घेऊन थप्पीसमोर येऊन उभे राहिले आणि गप्पा मारू लागले. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. केसरीनाथ आधी मांडी बदलत होता, मग मांडीवर मांडी घालून बसला, मग नवशाचा दंड घट्ट धरून डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागला. फिल्टरची तोटी ठिबकत होती. प्रत्येक थेंब त्याला स्पष्ट ऐकू येत होता, आणि सशाचे कान दिल्याबद्दल तो पहिल्यांदाच देवावर रागावला.

मॅनेजरची पाठ वळली आणि केसरीनाथ सुटला. जुडगा खुळखुळ वाजवत, अर्धं गोडाऊन जागं करत, तो पुरुषांच्या संडासाच्या दारात पोचला. आत ठमाबाई फरशी पुसत होती.

"ओल्यावर पाय ठेवू नका. दहा मिन्टं."

"ठमाबाई, बाजूला व्हा! एक नंबरला जायचंय!"

"सुकू द्या फरशी."

"अहो, इथं एकेक सेकंद... बाजूचं उघडं आहे का?"

"ते बायकांचं हाय. आनि त्याला कुलूप हाय."

"कुलूप?" केसरीनाथ एका पायावर नाचत ओरडला. "संडासाला कुलूप? कुठल्या गाढवाने लावलं?"

ठमाबाईने फडकं बादलीत टाकलं आणि शेजारच्या दारावरच्या कागदाकडे बोट केलं. बायकांची बाजू म्हणून केसरीनाथ टमरेलाच्या तपासानंतर तिकडे फिरकला नव्हता. आता त्याने मान वाकडी करून वाचलं: 'घटनास्थळ. तपास चालू आहे. आत जाण्यास सक्त मनाई. हुकमावरून, के. तरे, गुप्तहेर.'

"चोवीस-पंचवीस दिस झाले," ठमाबाई म्हणाली. "मी तीनदा आले सांगाया. तुमी म्हनता, आयती म्हायती नको. पोरी पार रस्त्यापल्याडच्या गोडाऊनला जातात. ब्रेक दहा मिन्टांचा, जा-यायाला लागतात पंधरा. मग पानी कोन पिनार? तुमाला दहा मिन्टं जड झाली ना? जावा आता, आत जावा. परत पुसीन मी."

केसरीनाथ आत गेला. तिथे उभ्या उभ्या सगळ्या दुव्यांची साखळी त्याच्या डोक्यात एकदम जुळली. बाटली चांगली. प्रॉब्लेम एक नंबरचा. सहा-सात वर्षांच्या पोरालासुद्धा कळलं असतं. शाळेत बाईंना करंगळी दाखवून तो स्वतः हेच म्हणायचा.

बाहेर आला तेव्हा पॅकिंगच्या आठ-दहा पोरी दाराशी जमल्या होत्या. ठमाबाईने कुणाला सांगितलं नव्हतं, पण जुडगा ऐकू गेला होता. केसरीनाथ एकेक चावी कुलपाला लावू लागला. अकरा अनोळखी चाव्यांतली नववी लागली. दार उघडलं, तशी पोरींची रांग एकही शब्द न बोलता आत सरकली. कुणी हसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

रांगेत शेवटी क्षितिजा होती.

"मला धड सांगितलं का नाहीस गं?" त्याने हळू विचारलं.

"मामा, आम्हाला वाटलं हेड ऑफिसचा हुकूम आहे. तुमची फक्त सही. मी तक्रार केली तर तुमच्या नोकरीवर आलं असतं."

केसरीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी आपल्यासाठी तहानलेली राहिली, आणि आपण काट्यावर बाटल्या जोखत बसलो. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने पितळी पाटी आठवून डोळे मिटून घेतले. मग रजिस्टर मागवून चावी ठमाबाईच्या ताब्यात दिली. 'कोणाकडून जप्त' ह्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'आरोपीकडून'.

रविवारी सकाळी लडकू आला. पोरीला न्यायचं म्हणून रिकामी पिशवी घेऊनच आला होता. क्षितिजा दाराआड उभी राहिली. रंजिता काही बोलणार तेवढ्यात केसरीनाथने हात वर केला, आणि सगळ्यांना वाटलं, झालं, पुन्हा तत्त्व. पण तो म्हणाला, "भावोजी, आज आयतीच माहिती घ्या. चूक माझी. कुलूप मी लावलं आणि विसरलो. पोरीचा काही दोष नाही. नेऊ नका तिला." आणि टमरेलापासून ठमाबाईपर्यंत सगळं त्याने न लपवता सांगितलं.

लडकूने लेकीला बाहेर बोलावून तिचा चेहरा उजेडात धरला. ओठ मऊ पडले होते. "किती पितेस आता?" त्याने विचारलं.

"काल तीनदा भरली, बाबा."

लडकूने रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. समोर फळीवर चारही बाटल्या चिठ्ठ्या लावून ओळीने मांडलेल्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत म्हणाला, "केसरी, येवढा तपास केलास. रोजच्या वापराला यातली बाटली कंची चांगली निघाली?"

केसरीनाथने हळदीची बाटली उचलली, छाती फुगवली आणि जाहीर केलं, "एक नंबर!"

रंजिता पदर तोंडाला लावून आत पळाली, आणि क्षितिजा इतकी हसली की तिला घोटभर पाणी प्यावं लागलं.