किन्हीराजाचं आरमार

किन्हीराजात समुद्राबद्दल बोलायचा हक्क एकट्या जगदेवला होता. समुद्र त्यानंही पाहिला नव्हता म्हणा, पण त्याचा पोरगा हरीओम नौदलात होता, आणि तोही ‘आयएनएस आंग्रे’वर. खुद्द कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं जहाज! पारावर बसला की जगदेव ते जहाज रोज नव्या समुद्रात नेऊन सोडायचा. कालपर्यंत ते अरबस्तानाला लागलं होतं.

आता मात्र त्याच जहाजापायी पोराचं लग्न अडलं होतं. रिसोडच्या इंद्रभानची निता हरीओमला पसंत होती, निताला हरीओम पसंत होता, पण निताची आई हटून बसली होती. सहा-सहा महिने पाण्यावर राहणाऱ्याला पोरगी द्यायची नाही, उद्या जहाज बुडालं तर कोणाच्या तोंडाकडे पाहायचं, असं तिचं म्हणणं. जगदेवनं ते हरीओमच्या कानावर घातलंच नव्हतं.

जगदेवनं डोकं चालवलं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर हुबेहूब आंग्रे उभं करायचं, रिसोडच्या मंडळींना बोलवायचं आणि विचारायचं, की बाई, एवढं दणकट जहाज बुडेल कसं ते तरी सांगा. त्याची बायको सोजरबाई एवढंच म्हणाली, की आधी पोराला फोन करून जहाज कसं असतं ते विचारा. पण विचारेल तो जगदेव कसला!

मग काय, घरात जणू दरोडाच पडला. स्प्रिंकलरचे पाइप तोफांना गेले, सोयाबीन झाकायची ताडपत्री शिडाला गेली आणि सोजरबाईचं नवंकोरं लुगडं पताकांना गेलं. डोलकाठी तर एवढी उंच झाली, की खाली जुंपलेला ट्रॅक्टर बकरीच्या पिल्लाएवढा दिसायला लागला.

मिरवणुकीच्या सकाळी हरीओम रजेवर आला, मागोमाग रिसोडची मंडळीही उतरली. हरीओमनं पारासमोर उभ्या ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली.

"बाबा, हे काय हाये?"

"तुयं आंग्रे!"

पोरगा कानकोंडा झाला. "बाबा, आंग्रे पाण्यात नाई. तो मुंबईतला नौदलाचा तळ हाये, किनाऱ्यावरचा. नुसत्या इमारती. आमच्यात जमिनीवरच्या तळालेबी जहाजासारखंच नाव देतात, अन् तिथं काम करणारा जहाजावरच हाये असं म्हणतात. मी तिथं हापिसात बसतो."

सगळा पार खो-खो हसत सुटला. जगदेवचं तोंड एवढंसं झालं. अरबस्तान तर गेलंच, पण पोरगीही हातची गेली असं वाटून त्याला भरून आलं. ताडपत्री ओढून तिच्याखाली शिरावं, एवढंच आता बाकी होतं.

तेवढ्यात निताची आई पुढं आली.

"म्हंजे तुमचं जहाज हालतच नाई?"

"नाई मावशी. जागचं हालत नाई."

"अवो बाप्पा, मंग हे आधी काहून नाई सांगतलं?" म्हणत तिनं पदर सावरला आणि तिथल्या तिथं नवऱ्याला साखरपुड्याच्या नारळाला पिटाळलं.

लग्न जमलं म्हणून जगदेवचा जीव भांड्यात पडला, पण जहाजाचं दुःख काही जाईना. निदान गावातून तरी ते फिरवू, म्हणून तो ऐटीत ट्रॅक्टरवर चढला. लेझीम सुरू झालं, जहाज निघालं आणि मंडळाच्या स्वागत कमानीत ती उंच डोलकाठी अशी अडकली, की ना पुढं ना मागं. जगदेव घामाघूम होऊन गड्यांना हाका मारायला लागला. आपल्या लुगड्याची एक पताका सोडवून घेत सोजरबाई शांतपणे म्हणाली,

"राहू द्या आता. खरं आंग्रेच हालत नाई, मंग तुमचं कायले हालन?"