कार्यस्थळी सजगता : भाग दोन

सोमवारी सकाळी ट्रेनिंगवाल्या मॅडमनी पोर्टल उघडलं, यादीत सगळ्यात वर स्टोअरवाल्या काकांचं नाव पाहिलं आणि हातातला चहा तसाच गार होऊ दिला.

कंपनी लिफ्ट बनवायची आणि बसवायची. तिथल्या अठ्ठ्याऐंशी माणसांना वर्षाला सहा ऑनलाइन कोर्स सक्तीचे होते. कोणी किती केले, कोण कुठे अडलं, कोणाला आठवण करून द्यायची हे बघायला मॅडमना वर्षभराच्या करारावर घेतलं होतं. महिनाअखेरीस सुरक्षा तपासणी होती. ती नीट पार पडली तर मॅडम कायम होणार, नाहीतर मॅडमची खुर्ची रिकामी होणार, असं मोठ्या साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

बाकीच्या सत्त्याऐंशी जणांचं वागणं मॅडमच्या अंगवळणी पडलं होतं. तीन आठवणी जायच्या, मग शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात, तोंड वाकडं करून सगळे कोर्स उरकायचे. त्यात संशय घ्यावा असं काही नव्हतं. पण काकांनी सहाच्या जागी एकतीस कोर्स पूर्ण केले होते. 'उंचावर काम करताना', 'आग लागल्यास', 'संगणकाची सुरक्षा', 'प्रभावी नेतृत्व', एवढंच काय, 'प्रसूती रजेचे नियम'सुद्धा. काकांचं वय सत्तावन्न. ते टंकायचे एका बोटाने, आणि तेही बोट आधी हवेत दोन घिरट्या घालून मगच खाली उतरायचं.

"हे शक्यच नाही," मॅडम संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलीला म्हणाल्या. "त्यांचे कोर्स दुसरं कोणीतरी करतंय."

"कोण करेल?" ती म्हणाली. "लोक स्वतःचे करत नाहीत."

यात तथ्य होतं, पण एकदा डोक्यात किडा शिरला की मॅडमना तथ्य पुरत नसे. त्यांनी नोंदी काढायला लावल्या. काकांचं लॉगिन रोज दुपारी एक दहा ते एक पन्नास. आणि स्टोअरमधल्या संगणकावरून नव्हे, तर रिसेप्शनच्या.

"बघ," मॅडम म्हणाल्या. "रिसेप्शनवाली."

"ती त्या वेळी जेवायला जाते, मॅडम."

"जाते असं ती म्हणते."

आधी काकांनाच चाचपून बघावं म्हणून त्या स्टोअरमध्ये गेल्या. लोखंडी दोरांची वेटोळी, दारांचे सेन्सर, मजल्यांच्या आकड्यांची बटणं भरलेले खण, आणि मधोमध काका, एका खोक्यातल्या बटणांतून सातव्या मजल्याची वेगळी काढत बसलेले.

"काका, आगीचे प्रकार किती?" मॅडमनी गप्पा मारल्यासारखं विचारलं.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठे लागली?"

"नाही, सहज."

मग काकांनी सगळे प्रकार सांगितले, कुठल्यावर पाणी मारायचं नाही तेही सांगितलं, आणि जाता जाता सांगितलं की जिन्याखालचं अग्निशामक नळकांडं मुदत संपून चार महिने झाले आहेत. मॅडमचा संशय दुप्पट झाला. इतकं पाठ असणारा माणूस नक्कीच तयारी करून बसलेला असणार.

"आणि प्रसूती रजेचा कोर्स तुम्ही कशाला केलात?"

"मुलीला सातवा लागलाय," काका म्हणाले. "तिच्या ऑफिसात तिला दोनच महिने रजा देत होते. मी बघितलं, मग तिला म्हटलं, नियम दाखव त्यांना. मिळाली पूर्ण."

खोटं बोलणारी माणसं असेच बारीकसारीक तपशील घालतात, हे मॅडमना ठाऊक होतं. 'सचोटी ओळखा' या कोर्सची प्रस्तावना त्यांनीच लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्या रिसेप्शनशेजारच्या बैठकीच्या खोलीत शिरल्या, दिवे घालवले आणि पडद्याच्या फटीपाशी वही घेऊन उकिडव्या बसल्या. एक दहा झाले. रिसेप्शनवाली जागची हलली नाही. कानात हेडफोन घालून स्क्रीनकडे बघत तिने डबा उघडला. मॅडमनी वेळ टिपून घेतली. काकांचा पत्ता नव्हता. एक वीसला मात्र दार उघडलं, दिवे लागले आणि मोठे साहेब चार पाहुण्यांना घेऊन आत आले.

"मॅडम?" साहेब म्हणाले. "तुम्ही इथे खाली काय करताय?"

"पडद्याची लांबी बघत होते, सर."

"कशासाठी?"

"सुरक्षा," मॅडम म्हणाल्या आणि खाली मान घालून बाहेर पडल्या. पाठीमागे साहेब पाहुण्यांना सांगत होते की आमच्याकडे या विषयात फार बारकाईने काम चालतं.

वर येऊन नोंद बघितली तर त्या दिवशी काकांचं लॉगिनच नव्हतं. खालून समजलं की दुपारी मालाची गाडी आली आणि काका ती उतरवून घेत होते. मॅडमनी त्यातून एवढाच अर्थ काढला की दोघं सावध झाले.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सविस्तर ऐकवलं. तो मध्ये मध्ये "हं" म्हणत होता.

"मी आता काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं.

"काकांचं."

"काकांचं काय?"

"अगं, ऐकतोय मी."

"ऐकतोयस असं दाखवतोयस," मॅडम म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना युक्ती सुचली.

बुधवारी त्यांनी एक नवा कोर्स तयार केला. त्याला वजनदार नाव दिलं : 'कार्यस्थळी सजगता : भाग दोन'. भाग एक नव्हता. आत वीस पानं, वीसही कोरी, नुसती करडी. प्रत्येक पानाखाली एकच बटण : 'मला समजले'. ते दाबलं की पुढचं पान. शेवटी अभिप्रायाची चौकट आणि प्रमाणपत्र. काकांच्या नावावर जो कोणी डोळे मिटून बटणं दाबत असेल तो हेही दाबणार, आणि मग मॅडम त्याला विचारणार होत्या की बाबा रे, तुला समजलं काय? एकट्या काकांना पाठवला असता तर वास लागला असता, म्हणून त्यांनी तो सगळ्यांना पाठवला. मुदत, शुक्रवार संध्याकाळ.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी यादी उघडली. सत्त्याऐंशी पूर्ण. अपूर्ण एक.

तो एक म्हणजे स्टोअरवाले काका. ते पहिल्याच पानावर अडले होते. पहिल्या पानावर घालवलेला एकूण वेळ, एक तास पन्नास मिनिटं. त्यांनी दोन तक्रारीही नोंदवल्या होत्या. पहिली : 'पानावर मजकूर दिसत नाही. चष्मा बदलून पाहिला.' दुसरी : 'आवाजही नाही. कृपया दुरुस्त करावे, म्हणजे समजले की दाबतो.'

मॅडमनी बाकीच्यांचे अभिप्राय उघडले. 'अत्यंत उपयुक्त.' 'उदाहरणे आवडली.' 'भाग एकपेक्षा सोपा.' विक्रीच्या माणसाने तो कोर्स अकरा सेकंदांत पूर्ण करून 'थोडा लांबला' असं लिहिलं होतं. रिसेप्शनवालीला शिक्षिकेचा आवाज गोड वाटला होता. साहेबांचा अभिप्राय सगळ्यात मोठा होता : 'काळाची गरज. मुख्य कार्यालयाला कळवले आहे. सर्व शाखांत सक्तीचा करावा.'

 मॅडमनी एका माणसासाठी सापळा लावला होता. तो सोडून सगळी कंपनी सापळ्यात येऊन बसली होती, आणि वर सापळ्याचं कौतुक करत होती. म्हणजे वर्षभर ज्या टक्केवारीवर त्यांनी रंगीत आलेख काढले, तीही अशीच. खरे कोर्स एकट्याने केले होते, आणि वर्षभरात त्यांनी पाळत ठेवली ती त्याच्यावर.

कोर्स काढून टाकावा म्हणून सोमवारी त्या घाईघाईने आल्या, तर मुख्य कार्यालयाने तो कुलूपबंद करून अकरा शाखांना पाठवलासुद्धा होता. पोर्टलनेही आपलं काम चोख केलं होतं. मुदतीत कोर्स न करणाऱ्याला आपोआप ताकीदपत्र जायचं. कंपनीच्या इतिहासातलं पहिलं ताकीदपत्र काकांना गेलं होतं, आणि त्याखाली मॅडमची सही छापलेली होती.

त्या जिना उतरत होत्या तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. तपासणीवाले चार दिवस आधीच येऊन बसले होते.

तपासणीवाले सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ होते. यादी वाचताना ते पेन्सिलीचं टोक प्रत्येक नावावर टेकवत होते. "शंभर टक्के पूर्ण असं कुणी दाखवलं ना," ते म्हणाले, "की मी समजून जातो. आकडे बनवलेले असतात. जिथे एखादा राहिलेला असतो तिथे हिशेब खरा." पेन्सिल काकांच्या नावावर थांबली. "या माणसाला बोलवा."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खिडकीकडे पाहिलं.

काका आले. हात पुसत, अंगावर स्टोअरचा निळा कोट. तपासणीवाल्यांनी विचारलं, "तुम्ही हा कोर्स का पूर्ण केला नाही?"

"साहेब, त्यात काही नाहीये," काका म्हणाले.

मॅडमना वाटलं, संपलं. करार, खुर्ची, आलेख, सगळं.

"काही नाहीये म्हणजे?"

"काहीच नाही. रिकामा आहे."

तपासणीवाले साहेबांकडे वळले. "तुम्ही केलाय?"

"हो तर," साहेब म्हणाले. "फार सखोल आहे. मी तर दोनदा बघितला."

तपासणीवाल्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि अहवालात लिहायला घेतलं. लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचूनही दाखवलं : "नोंदी विश्वासार्ह. एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याला विषयाचे गांभीर्य समजलेले नाही. प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी त्यांना शेजारी बसून प्रत्येक पान समजावून द्यावे." मग ते उठले, मॅडमशी हात मिळवला आणि म्हणाले, "प्रामाणिक काम आहे तुमचं."

साहेबांनी कायम नेमणुकीचं पत्र दुपारीच तयार करायला सांगितलं. फक्त काकांचं तेवढं आज उरका, ते म्हणाले, म्हणजे प्रकरण मिटेल.

स्टोअरच्या संगणकाला आवाज नव्हता, म्हणून एक दहाला मॅडम रिसेप्शनच्या संगणकासमोर काकांशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. रिसेप्शनवाली जेवायला गेली होती. खरंच गेली होती. स्क्रीनवर करडं पान आणि खाली बटण. काकांनी ताकीदपत्राची घडी कोटाच्या खिशात नीट ठेवली, खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला आणि त्यावर तारीख टाकली.

"सांगा मॅडम. मी लिहून घेतो."

"काका," मॅडम म्हणाल्या, "दाबून टाका ना. वीस वेळा दाबायचंय फक्त."

"समजल्याशिवाय?"

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं.

"या पानावर असं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "की तुमचे कोर्स दुसरं कोणीतरी करतं असा मला संशय होता. तुम्हाला पकडायला म्हणून मी हा कोर्स केला. तो रिकामाच आहे. तुमचं बरोबर होतं."

काकांनी यातलं एक अक्षर न गाळता पुठ्ठ्यावर उतरवलं. लिहिताना एकदा थांबून 'संशय' हा शब्द नीट आला का ते पाहिलं. रागावले आहेत की काय हे मॅडमना त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

मग काकांचं बोट वर गेलं, हवेत दोन घिरट्या घातल्या आणि 'मला समजले'वर उतरलं.

दुसरं पान आलं. तेही करडं.

काकांनी पुठ्ठा उलटा केला, पेन्सिल सरसावली आणि मॅडमकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "आता हे."