पाचव्याचा रुसवा आणि पाण्याचा पडदा

घाण अडवणारी वस्तू कधीतरी घाणीने भरतेच. आमच्या गावाने या नियमाला दोन अपवाद मानले आहेत: पाण्याचं मशीन आणि पाणी समिती.

पिंपळगाव राजाच्या अलीकडे आमचं गाव. बोअरचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ शिजता शिजत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी पाणी शुद्ध करायचं मशीन आलं. त्याच्या पोटात गुंडाळलेला पडदा असतो, त्याला मेंब्रेन म्हणतात. पाणी पार होतं, क्षार आणि चिकटा पडद्यावर बसतो. तो दर महिन्याला औषधाने धुवायचा. त्यासाठी मशीन चार तास बंद ठेवावं लागतं, आणि बंद ठेवायला समितीचा ठराव लागतो. (एकदा ठरावाशिवाय बंद ठेवलं, तर नेमकं त्याच दिवशी समितीतल्या गुलाबरावांच्या वडिलांच्या तेरवीचं जेवण निघालं.)

समितीत पाच सदस्य. कोरमही पाचाचा, कारण चौघांनी ठराव केला की पाचवा रुसतो.

सुरुवातीला वीस लिटरचा कॅन दोन मिनिटांत भरायचा. मग दहा मिनिटं लागू लागली, मग चाळीस. मशीन चालवणारी सारिका धुण्यासाठी अर्ज देत होती. अध्यक्ष उकंडराव म्हणाले, "हळू येते म्हंजे चांगलं गाळून येते." हे सर्वांना पटलं. रांगेसाठी शेड बांधली, देणगीदारांच्या नावांचे बाक आले. शेडमध्ये वर्षभरात दोन सोयरिकी जुळल्या, एक मोडली. रांगेतली माणसं मोजून समितीने अहवाल लिहिला, की मशीनची लोकप्रियता चौपट झाली आहे.

सदस्यही रांगेतच असत, म्हणून सभा तिथेच भरे. पण विषय निघाला की एकाचा कॅन भरे आणि तो घरी जाई. तो परत येईपर्यंत दुसऱ्याचा भरे. अशा रीतीने अकरा सभा तहकूब झाल्या. समितीने काम केलं नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

मग एका मंगळवारी नळातून एक थेंब आला आणि पुढे काहीच आलं नाही. कोणाचाच कॅन भरेना, त्यामुळे कोणीच उठेना. चार वर्षांत प्रथमच कोरम पूर्ण झाला.

पहिला विषय: सारिकाला कामावरून काढणे.

उकंडराव म्हणाले, "मशीन बंद पडली पोरी. तू काय करून राह्यली होती?"

"अर्ज करून राह्यली होती, काका. अकरा झाले."

"मंग आमाले सांगाचं ना."

"ज्या बाकावर तुमी बसले, त्याच्याच खाली ठेवेल हायेत. कागद उडू नये म्हणून तुमीच त्याच्यावर इट ठेवली."

रांगेतल्या वच्छलाबाई बोलल्या, "माह्या घरी बाळंतीण हाय बाप्पा. तिले काय तुमचा ठराव पाजू?"

दोन ठराव एकमताने मंजूर झाले. एक, पडदा धुवावा. दोन, सारिकाला पुढच्या वेळी मशीन बंद पडेपर्यंत कामावर ठेवावं.

सारिकाने पडदा बाहेर काढला. त्यावर साबुदाण्याच्या खिचडीसारखा चिकट थर होता, रंग तेवढा वेगळा. चार तासांनी पहिला कॅन वच्छलाबाईंना मिळाला. सव्वादोन मिनिटांत भरला. संध्याकाळपर्यंत शेड रिकामी झाली. आता पाच सदस्य एका जागी सापडत नाहीत, त्यामुळे पुढच्या धुण्याचा ठराव पडदा पुन्हा तुंबल्यावरच होईल. सारिकाने बारावा अर्ज लिहायला घेतला आहे.

मशीनच्या दारावर पहिल्या दिवसापासून कागद चिकटवलेला आहे: 'पडदा दर महिन्याला धुवावा.' समितीत दोन पदवीधर आणि एक निवृत्त गुरुजी आहेत. सारिका सोडली तर कागद वाचला फक्त मी. एकसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकल्यामुळे दिसेल ते वाचायची खोड मला अजून आहे.

आमच्या गावाचं हसू आलं असेल तर पोटभर हसा. मग उठून आपल्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरवर काय लिहिलंय ते बघा. तुम्ही तर लहानपणीच शिकलेले.